फौजदाराचा विश्वास बसू नये म्हणून

या अंकासाठी ‘तुमच्या कामाचे अनुभव’ लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मला वाटलं तो चुकून माझ्याकडं आला. अशा लेखांत निवृत्त स्टेशनमास्तर असतात, परिचारिका असतात, आयुष्यभर एसटी चालवलेले काका असतात. मी निवृत्त व्हायचं राहू दे, अजून कुठं लागलेलीसुद्धा नाही. बारामतीच्या एका कॉलेजात अजून शिकतेच आहे. आमच्या वरकुट्याच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण संपादकांनी फोनवर विचारलं, “पहिल्या वर्षापासून दर आठवड्याला न चुकता जे करता, त्याला तुम्ही काय म्हणता?” मी म्हणाले, “लिहिते.” ते म्हणाले, “मग त्यालाच आम्ही काम म्हणतो.”

तर माझं काम असं. मोबाईलवर एक वाचनाचं ॲप आहे, त्यावर दर शुक्रवारी माझ्या कादंबरीचा एक भाग येतो. टोपणनावानं. कादंबरी प्रेमाची आणि रहस्याची, दोन्ही एकत्र. तिचं नाव ‘पाण्याखालचा दिवा’. नायिका केतकी. तिचं मूळ गाव धरणात गेलेलं. कुणाचीही वस्तू डाव्या हातात धरली की तिला पाण्याखाली एक दिवा दिसतो आणि त्या दिव्याच्या उजेडात त्या माणसाचं काहीतरी. नायक फौजदार रणधीर. त्याचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. गुन्हा घडतो, केतकीला काहीतरी दिसतं, फौजदार म्हणतो पुरावा कुठं आहे, आणि पुरावा शोधता शोधता दोघं एकमेकांना सापडत जातात. या प्रकारच्या कादंबऱ्यांचा हा ठरलेला साचा आहे आणि तो मी शोधलेला नाही. पण साच्यातली इडलीसुद्धा कुणाची फुगते, कुणाची बसते.

ती फुगवायची कशी, हे मला लिहिता लिहिता कळत गेलं. पहिली गोष्ट, दृष्टी अर्धीच द्यायची. केतकीला खुन्याचा चेहरा दिसला तर पहिल्या भागात कादंबरी संपेल. म्हणून तिला दिसते ओली चप्पल. ऐकू येते कुठंतरी चालू राहिलेली पाण्याची मोटर. चप्पल कुणाची आणि मोटर कुठली, हे फौजदारानं पायी हिंडून शोधायचं. दुसरी गोष्ट, फौजदार मूर्ख नको. त्याची शंका वाचणाऱ्याला पटली पाहिजे, नाहीतर केतकीच्या खरेपणाला वजन येत नाही. आणि तिसरी, सगळ्यात अवघड. त्याचा विश्वास बसू द्यायचा नाही. बसत आलाय असं वाटू द्यायचं, आणि पुन्हा उठवायचा. फौजदारानं विश्वास ठेवला की गोष्ट संपते. ॲपतर्फे माझे भाग तपासणाऱ्या पुण्याच्या मानसीताईंना मी हे वाक्य फोनवर इतक्या वेळा ऐकवलंय की आता मी “ताई, फौजदारानं...” एवढं म्हटलं की त्याच पुढचं पुरं करतात.

प्रेमाचंही तसंच. मानसीताईंना दोघांना जवळ आणायला पाऊस हवा असायचा. मी म्हटलं, आमच्याकडं पावसाचा भरवसा नाही, पण हंगामात उसाच्या ट्रॅक्टरचा आहे. मग मी दोघांना जीपमध्ये बसवलं आणि पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर दिला, गाणी लावून निघालेला. रस्ता अरुंद, पुढं जाता येईना, जीपमध्ये बोलण्याशिवाय दुसरं काही करता येईना. त्या भागाखाली इंदापूर, अकलूज, फलटण अशा सगळीकडून बायकांनी लिहिलं की हे आमच्याही बाबतीत घडलेलं आहे.

लिहिण्याची जागा हा वेगळा विषय आहे. बारामतीला खोलीत आम्ही चौघी, तिथं डोकं चालत नाही. म्हणून मी शनिवार-रविवारी घरी येऊन लिहिते. घरात टीव्ही चालू असतो, त्यामुळं गोठ्यात. शेण काढता काढता, वैरण टाकता टाकता मी मोबाईल खिशात ठेवून मोठ्यानं बोलते आणि मोबाईल ते लिहून घेतो. मध्येच म्हैस हंबरते, ते मागाहून पुसायचं. एकच वाक्य मनासारखं होईपर्यंत दहादा म्हणायचं. घरात सगळ्यांना वाटायचं मी पाठांतर करते. मीही तसंच वाटू दिलं. प्रेमाच्या गोष्टी लिहिते हे आप्पांना, म्हणजे वडिलांना, कसं सांगणार?

वाचक तऱ्हेतऱ्हेचे भेटले. एकानं म्हशीच्या तुटक्या दाव्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘केतकीताईंना दाखवावा, म्हैस परवापासून नाही.’ मी उत्तर दिलं की केतकी खरी नाही. त्याचं उत्तर आलं, ‘असू दे, फोटो दाखवा तरी.’ एक निवृत्त हवालदारकाका दर भागाखाली फक्त कामातल्या चुका काढतात. ‘पंचनाम्याला दोन पंच लागतात.’ ‘फौजदार स्वतः जीप चालवत नाही.’ ‘मयताला असा हात लावत नाहीत.’ कथा आवडली की नाही, ते कधीच नाही. पण त्यांच्यामुळं रणधीर सुधारला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. सारिकाला विचारूनच लिहिते आहे. नाव बदललंय. ती म्हणाली, “बदलताना जरा चांगलं ठेवा, ताई.”

बी.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या एका शनिवारी आई म्हणाली, “मने, उद्या भिगवणकडं जायचंय माझ्यासंगं. वस्तीवर एक पोरगी बघती.”

“काय बघते?”

“बघती म्हंजी बघती. हातात वस्तू दिली की सांगती. लई लांबनं लोक येत्यात. तुझं कधी जमंल ते इचारू.”

तुझं म्हणजे माझं लग्न. मी म्हटलं, “आई, मला परीक्षा आहे.”

“म्हून तर आत्ता जायचं. परीक्षा झाल्यावर तुझा बाप थांबतुय व्हय?”

हे खरं होतं. आप्पांनी दोन ठिकाणी शब्द टाकून ठेवले होते. त्यांचा शिक्षणाला विरोध नव्हता, पण बी.ए. म्हणजे शिक्षण पुरं झालं असा त्यांचा हिशोब होता. मला पुढं एम.ए. करायचं होतं आणि ते मी त्यांच्यासमोर अजून एकदाही मोठ्यानं म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिगवणच्या अलीकडं उतरलो आणि पाण्याच्या कडेकडेनं चालत गेलो. उजनीचं पाणी आत शिरलेलं, कडेला मच्छीमारांच्या होड्या. वस्तीवरच्या एका घराच्या अंगणात दहा-बारा बायका बसल्या होत्या. एक पन्नाशीची बाई सगळ्यांना पाणी देत होती, रांग लावत होती. ती सुंदराआत्या. आणि ओट्यावर, घोंगडीवर, माझ्याहून लहान दिसणारी एक मुलगी, केस मोकळे सोडलेली. ती तिची भाची सारिका, बारावीला असलेली.

आमची पाळी आली. आईनं माझ्या केसांतला चाप काढून तिच्या हातात दिला. तिनं तो उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. तांब्यातलं एक घोट पाणी प्याली. डोळे मिटले.

“दिवा दिसतुय,” ती म्हणाली. “हलतुय. कुणी बोलू नगा.”

माझ्या अंगावर काटा आला, पण इतर बायकांच्या अंगावर येत होता त्या कारणानं नाही. ते वाक्य माझं होतं. पाण्याचा घोट माझा होता. उजव्यातून डाव्या हातात घेणं माझं होतं. त्यासाठी मी एक अख्खा रविवार घालवला होता. यापुढचं वाक्य मला माहीत होतं आणि ते आलं, “वारा न्हाय, तरी हलतुय.”

तिनं डोळे किलकिले केले, माझ्याकडं बघितलं, आणि थांबली. सुंदराआत्या काळजीनं पुढं सरकली. मग सारिका एकदम खर्जात म्हणाली, “हिला एकटीला बसू द्या. बाकीची उठा. लांब जावा.”

सगळ्या उठल्या. आईसुद्धा. लांब जाऊन कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. सारिका डोळे मिटलेलेच ठेवून माझ्याकडं वाकली आणि साध्या आवाजात म्हणाली, “तुमचे ओठ हलत हुते. माझ्या आदी. तुमीबी वाचता?”

मी म्हणाले, “मी लिहिते.”

“काय?”

“तेच. पाण्याखालचा दिवा.”

तिनं एक डोळा उघडला. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. माझी चप्पल, माझी पिशवी, आईबरोबर आलेली मी. मग म्हणाली, “पुरावा?”

खरंच तसं म्हणाली. मी रणधीरच्या तोंडी घातलेला शब्द, रणधीरच्याच थंडपणानं. माझ्याकडं पुरावा नव्हता. टोपणनाव होतं, आणि माझ्या मोबाईलला तिथं रेंज नव्हती.

“मग येत्या शुक्रवारी काय हुतं ते सांगा,” ती म्हणाली.

मी सांगितलं. रणधीरला विहिरीत ओल्या चपलांचा जोड सापडतो, पण त्यात डाव्या पायाची चप्पलच नसते, दोन्ही उजव्या पायाच्या असतात. तिनं ऐकून घेतलं. “शुक्रवारी बगू. नंबर द्या.” मग एकदम घाईनं, “तुमच्या आईला काय सांगू? काय इचारायला आल्यात?”

“माझ्या लग्नाचं.”

“मग काय सांगू?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी एक क्षणही घेतला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. एरवी दुकानात पेन घेताना मी दहा मिनिटं घालवते. मी म्हटलं, “सांग, अजून दोन वर्षं शिकू द्या. तोवर विषय काढायचा नाही.”

बायका परत आल्या. सारिकानं खर्ज लावला आणि आईला ते जसंच्या तसं सांगितलं, वर स्वतःचं म्हणून “मधीच तोडलं तर दिवा इझंल” एवढं घातलं. आईनं हात जोडले. परतीच्या वाटेवर ती माझ्या पुढं झपाझप चालत राहिली. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

पुढच्या शुक्रवारी भाग आला. थोड्याच वेळात सारिकाचा फोन. “ताई, दोन्ही उजव्या,” ती म्हणाली आणि रडायला लागली. पुढचं काय होणार हे खरोखर माहीत असलेलं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.

तिची हकीकत साधी होती. दिवाळीनंतर तिला एक स्थळ आलं. तिला बारावी करून नर्सिंगला जायचं होतं. नको म्हणून सांगितलं तर कुणी ऐकेना. त्या माणसांनी आणलेला नारळ तिनं डाव्या हातात धरला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, “दिवा इझला.” समोरची माणसं चहा न घेता उठून गेली. तिला वाटलं, सुटले. पण आठवडाभरात शेजारी आला, त्याची मोटर चोरीला गेली होती. तिनं सांगून टाकलं, पाण्याजवळ आहे. तीन बाजूंनी पाणी असलेल्या वस्तीवर पाण्याजवळ नसतं तरी काय? मोटर सापडली. मग दर मंगळवारी आणि रविवारी अंगण भरायला लागलं.

“नाही म्हण की,” मी म्हणाले.

“कसं म्हणू? खोटं हुतं म्हणलं तर आत्याचं तोंड कुठं ऱ्हातं? आन् ते स्थळ परत येईल.” मग म्हणाली, “परवा एक बाई तापलेलं लेकरू घेऊन आली. मी म्हणलं, दिवा दवाखान्याकडं हाय, आत्ताच्या आत्ता न्या. नेलं तिनं. मी सगळ्यांना दवाखान्यातच पाठवती, ताई. न्हायतर पोलिसात. पण एक दिवस कुणीतरी असं इचारंल की मला कळायचं न्हाय काय सांगायचं. आन् ते माझं ऐकतील.”

पुढं तिनं जे सांगितलं त्यानं मी हसावं की काय करावं ते मला कळेना. सुंदराआत्याला आणि वस्तीवरच्या बायकांना ‘पाण्याखालचा दिवा’ माहीत होती. ॲपवर ती ऐकताही येते, मासळी साफ करताना त्या ऐकायच्या. पण त्यांचा समज उलटा होता. त्यांना वाटायचं, सारिकाची कीर्ती पुण्यापर्यंत गेली आणि तिच्यावर कुणीतरी गोष्ट लिहिली. कादंबरी आधी सुरू झाली आणि सारिका मागून, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. आत्या सगळ्यांना सांगायची, “आमच्या सारीचंच हाय ते. नाव बदललंय फक्त.”

“म्हून म्हणती,” सारिका म्हणाली, “तुमी केतकीची दिष्टी काढून घ्या. तिची गेली की माझी जाईल.”

मी ‘बघते’ म्हणाले आणि फोन ठेवला. खोलीत बसून विचार केला. दृष्टी काढायला हरकत नव्हती, प्रश्न होता कशी. अपघातात गेली, तर वस्तीवर म्हणतील परत येईल. पाप केलं म्हणून गेली, तर सारिकाला दोष लागेल. खोटी होती असं निघालं, तर संपलंच. एखादी गोष्ट अंगावर घ्यायची रीत आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक असते. ती मानानं खाली ठेवायची रीत कुणी सांगत नाही.

ती मला आठवली आमच्याच घरातून. आमच्याकडं कुणाची परात, कुणाचं पातेलं उसनं आलं, तर आई ते रिकामं परत पाठवत नाही. त्यात मूठभर काहीतरी घालते आणि म्हणते, “तुझी वस्तू तुला पोचली.” त्यानंतर त्या वस्तूबद्दल कुणी कुणाला विचारत नाही.

मानसीताईंना फोन लावला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, “अगं, कादंबरीच दृष्टी असलेल्या नायिकेची आहे. तिची दृष्टी काढलीस तर उरतं काय?”

“केतकी उरते.”

“वाचक केतकीसाठी येत नाहीत, दिव्यासाठी येतात. मधेच काढलास तर निम्मे जातील. आणि फौजदाराचं काय? त्याचा विश्वास बसायच्या आधीच?”

“बसायच्या आधीच. ताई, तो आत्तापर्यंत दृष्टीवर शंका घेत होता. आता दृष्टी नाही. मग पहिल्यांदाच त्याला नुसत्या केतकीकडं बघावं लागेल.”

मी घाबरट मुलगी आहे, मोठ्यांपुढं माझा आवाज चढत नाही. पण हे माझं काम होतं आणि त्यातलं मला कळत होतं. मी सारिकाबद्दलही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “लिही. पडली तर दोघी मिळून पडू.”

गोठ्यात लिहायला दोन दिवस लागले. केतकी दिवसाउजेडी पाण्याच्या काठावर जाते. खण, नारळ, तांदूळ घेऊन बुडालेल्या गावातल्या देवीची ओटी भरते. म्हणते, “तुझी ठेव तुला पोचली. माझ्याकडून काही राहिलं नाही.” ओंजळ पाण्यात सोडते आणि दिवा शांतपणे, कुणी न फुंकता, मावळतो. काठावर उभा असलेला रणधीर विचारतो, “आता काय दिसतं?” ती वळून म्हणते, “तुम्ही.”

भाग आला आणि मी शिव्या खाल्ल्या. ‘लेखिकेला पुढचं सुचत नसेल तर सांगावं.’ ‘आमची फसवणूक झाली.’ म्हशीवाल्यानं लिहिलं, ‘माझ्या म्हशीचं राहिलं की.’ वाचक खरंच कमी झाले, ते पुन्हा पूर्वीइतके कधी झाले नाहीत, आणि त्याचं मला थोडं वाईट वाटतं, नाही असं नाही. हवालदारकाकांनी मात्र पहिल्यांदाच पाचही तारे दिले. खाली लिहिलं, ‘यापुढे तपास पुराव्यानिशी होईल अशी अपेक्षा.’

वस्तीवर तो भाग सगळ्यांनी मिळून ऐकला. सारिकानं फोनवर सांगितलं, “आत्यानं हातातली मासळी खाली ठिवली. मग म्हणाली, म्हंजी परत देता येती व्हय? मला वाटलं एकदा आली की मरूस्तोवर.” आत्या त्या मंगळवार-रविवारांनी किती थकली होती, ते तेव्हा कळलं. ती लोभी नव्हती. थांबवलं तर देवी कोपेल म्हणून भीत होती. आता तिच्या हातात रीत आली होती.

ओटी भरायला त्यांनी मला बोलावलं. मी आईला म्हटलं, वस्तीवर जाऊन येते. आई म्हणाली, “मीबी येती. खण माझ्याकडं हाय नवा.”

सकाळचं ऊन होतं. काठावर पक्षी बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी होड्या उभ्या होत्या. एका होडीवाल्यानं विचारलं, “काय आत्या, फ्लेमिंगो बघायला व्हय?”

“न्हाय रं बाबा,” सुंदराआत्या म्हणाली, “बघायचं बंद करायला चाललुया.”

सारिकानं केस घट्ट वेणीत बांधले होते. तिनं ओटी भरली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि म्हणाली, “तुझी ठेव तुला पोचली.” पुढचं वाक्य ती विसरली. माझ्याकडं बघितलं. मी ओठ हलवायच्या आधीच आत्या काठावरून म्हणाली, “आमच्याकडनं काय ऱ्हायलं न्हाय, आई.” आणि पदरानं डोळे पुसले. खोटं काय आणि खरं काय, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. मी दोन्हीही लिहिते, पण त्या पाण्यातलं काही माझं नव्हतं.

मंगळवारी आलेल्या बायकांना आत्यानं दारातूनच सांगितलं, “परत दिली. आता दवाखाना, पोलीस, जिकडचं तिकडं जावा.” सारिका बारावी झाली. स्थळवाले आले नाहीत, कारण विझलेला दिवा त्यांच्या अजून ध्यानात होता. आता ती बारामतीला नर्सिंगला आहे. गुरुवारी संध्याकाळी माझ्या खोलीवर येते आणि माझे भाग आधी वाचून चुका काढते. हवालदारकाका बरे, असं वाटायला लावते.

मी आता एम.ए.ला आहे. आप्पांनी त्या रविवारनंतर लग्नाचा विषय एकदाही काढलेला नाही. दोन्ही ठिकाणचे शब्द त्यांनी मागं घेतले. हे मला खात होतं. दिवा गेला, पण दिव्याच्या नावानं मिळवलेली दोन वर्षं माझ्याकडं राहिली होती. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी ठरवलं, आधी आईला सांगायचं. गोठ्यातच गाठलं तिला, ती धार काढत होती.

“आई, त्या सारिकाचं. ती जे बोलायची ना...”

“तुझंच हुतं,” आई म्हणाली. हात थांबला नाही.

मी हातातली वैरण खाली ठेवली.

“वारा न्हाय तरी हलतुय, वारा न्हाय तरी हलतुय. सबंध रविवार तेच चाललं हुतं हितं. म्हशीलाबी पाठ झालंय.” तिनं चरवी सरळ केली. “मी त्या वस्तीवर आदी एकदा जाऊन आले हुते, काशीबाईसंगं. ती पोरगी तोंड उघडती तर तुझं बोलणं. म्हणलं, हिला दावायलाच पायजे. तू कुठं यायचीस सांगून? म्हून लग्नाचं काढलं.”

“म्हणजे तू विचारायला नव्हतीस आली?”

“मला काय इचारायचं? तुझ्या बापाला सांगायला मला कायतरी पायजे हुतं. माझं तो ऐकत न्हाय, देवीचं ऐकतुय. ते तुमी दोघींनी बरं केलंत.” मग जरा हसून, “मला वाटलं एक वरीस मागशील. दोन मागितलीस.”

मी विचारलं, “मग इतके दिवस एका शब्दानं बोलली का नाहीस?”

आईनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली, चरवी उचलली आणि दाराकडं निघाली.

“तूच सांगत असतीस की फोनवर त्या पुण्याच्या बाईला,” ती म्हणाली. “फौजदारानं इश्वास ठिवला की गोष्ट संपती.”